संगणकाने कापलेले लाकूड : हा हुनर आपल्या मिस्त्रींच्या हाती यावा

नागपूर आणि सागवान ही दोन नावे लाकडाच्या व्यापारात एकत्रच घेतली जातात. आलापल्लीचे जंगल, बल्लारशाहचे लाकूड आगार आणि आपले लकडगंज, हा रस्ता पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. २८ मे २०२३ रोजी संसदेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. तिच्यासाठी गालिचे मिर्झापूरहून आले, बांबूची फरशी त्रिपुराहून आली आणि सागवान गेले ते नागपुरातून. आपल्याकडील मालाला मागणी आहे, याबद्दल शंका नको. शंका आहे ती हातांबद्दल. या लाकडावर काम करणारे जे शेकडो सुतार, नक्षीकार, पॉलिशवाले आणि फर्निचर कारखानदार आपल्या बिरादरीत आहेत, त्यांच्या वाट्याला पुढील दहा-पंधरा वर्षांत कोणते काम उरेल?

हा प्रश्न आम्ही उगाच उपस्थित करीत नाही. शहरात कोणत्याही मोठ्या रस्त्याने जा, 'सी.एन.सी. कटिंग' अशा पाट्या दिसतात. एमडीएफची जाळी, दरवाज्यावरील वेलबुट्टी, कमानीची पट्टी, सारे तेथे चौरस फुटाच्या भावाने कापून मिळते. पूर्वी जे काम पटाशीने आठ दिवस चालायचे, ते तासाभरात होते. मिस्त्रीकडे उरते ते बसविण्याचे काम आणि बसविण्याची मजुरी. नक्षीचे पैसे यंत्रवाल्याला, आराखड्याचे पैसे संगणकवाल्याला. यात यंत्राचा दोष नाही. यंत्राला सांगायचे काय, ही विद्या ज्याच्याकडे तो कमावतो. ही विद्या शिकविणाऱ्या कार्यशाळा देशभरातील वास्तुरचना महाविद्यालयांत भरतात. दोन दिवसांपासून आठवडाभर चालणाऱ्या या कार्यशाळांत विद्यार्थी संगणकावर आराखडा करतात, यंत्रावर लाकूड कापतात आणि स्वतःच्या हातांनी जोडतात. आपल्या शहरात व्हीएनआयटीचा वास्तुरचना विभाग आहे, अन्य वास्तुरचना महाविद्यालये आहेत. परंतु तेथे सुताराचा मुलगा विद्यार्थी म्हणून क्वचित दिसतो. सुतार दिसतो तो प्लायवूडची शीट उतरवून देताना.

या विद्येला इंग्रजीत 'पॅरामेट्रिक डिझाइन' असे भारदस्त नाव आहे. नावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. जिना बनविणारा प्रत्येक मिस्त्री ही विद्या जाणतो. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच असेल तर २० पायऱ्या घातल्यास प्रत्येक पायरी ६ इंचांची होते. १८ घातल्यास पावणेसात इंचांच्या जरा खाली येते. उद्या घरमालकाने उंची साडेदहा फूट केली, तर त्याच १८ पायऱ्या ७ इंचांच्या होतात. मग पायरीची रुंदी, कडेच्या फळीचा उतार, कठड्याची उंची, सारे बदलते. मिस्त्री हे मनातल्या मनात करतो. एक माप बदलले की बाकीची मापे एका नियमाने बदलतात, हा नियम तो उस्तादाकडून शिकलेला असतो. संगणकात आराखडा काढताना मापाऐवजी हा नियम लिहून ठेवायचा, इतकाच काय तो फरक. म्हणजे उंचीचा आकडा बदलला की बाकीचा जिना स्वतःहून नवा होतो.

जाळीचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या अधिक जवळचे आहे. ९०० मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत आठ टोकांचे सहा तारे बसतात, प्रत्येकी १५० मिलिमीटरचे. दुसऱ्या खिडकीची चौकट १००० मिलिमीटरची निघाली. आता सहाच तारे ठेवले तर प्रत्येकी १६६.७ मिलिमीटर, सात केले तर १४२.९. अर्धा तारा चौकटीला चिकटलेला चालणार नाही आणि दोन छिद्रांमधील पट्टी १२ मिलिमीटरपेक्षा बारीक झाली तर ती तुटेल. हे दोन नियम आराखड्यात लिहिले की खिडक्या वेगवेगळ्या मापांच्या असल्या तरी प्रत्येकीची जाळी त्या नियमांतून तयार होते. परकार आणि पट्टी घेऊन वर्तुळाचे आठ, दहा, बारा भाग करणारे आणि त्यातून गिरहचे तारे उभे करणारे जुने उस्ताद नियमच वापरत होते. काश्मीरमधील खतमबंदची छते पाहिलेल्यांना हे पटेल. लाकडाचे शेकडो बहुकोनी तुकडे खाचांच्या आधाराने एकमेकांत गुंतविलेले, एकही खिळा नाही, आणि संपूर्ण छत मूठभर आकारांच्या हिशोबावर उभे.

यंत्राची बाजूही समजून घ्यावी. आकड्यांच्या हुकमावर चालणारे यंत्र १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने प्रथम जाहीरपणे चालवून दाखविले. त्यामागची कल्पना हेलिकॉप्टरची पाती बनविणाऱ्या जॉन पार्सन्स या कारखानदाराची होती. त्या यंत्राला हुकूम मिळत तो भोके पाडलेल्या पट्टीवरून. आपल्यापैकी ज्यांच्या घराण्यात विणकाम होते, त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. १८०४ साली फ्रान्समधील जकार्डने जो माग काढला, त्यात भोके पाडलेली कार्डेच सांगत की कोणता धागा वर उचलायचा. राउटर नावाच्या सुतारी यंत्रात धाग्याच्या जागी फिरणारे कटर असते. ते डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकते. कोठून कोठे सरकायचे याची यादी संगणक देतो. बाकी सगळे साधे यांत्रिक काम आहे.

कार्यशाळेत प्रत्यक्ष काय होते, ते आता सांगतो. पहिला दिवस बहुतेक संगणकापुढे जातो. महाविद्यालयांत राइनो नावाच्या प्रणालीबरोबर ग्रासहॉपर वापरतात. ती विकत घ्यावी लागते. फ्रीकॅड मात्र मोफत मिळते आणि फर्निचरच्या कामाला पुरेशी आहे. दुसऱ्या दिवशी ३ मिलिमीटरच्या एमडीएफमधून लेझरने छोटा नमुना कापतात. नमुना उभा राहिला तरच मोठ्या प्लायवूडला हात लावायचा, हा नियम फार चांगला आहे. त्यानंतर तुकड्यांची मांडणी. प्लायवूडची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. तिच्यावर सारे तुकडे असे बसवायचे की वाया जाणारी जागा कमीत कमी राहील. शिंपी कापडावर जे करतो तेच. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक कोरला जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापणी आणि जोडणी.

येथे अडचणी सुरू होतात, आणि शिकण्यासारखे जे आहे तेही येथेच आहे. आम्ही पाहिलेल्या एका कार्यशाळेत मुलांनी १८ मिलिमीटरच्या खाचा काढल्या होत्या, कारण प्लायवूडवर १८ लिहिलेले होते. सारे सांधे ढिले पडले. बाजारातील १८ मिलिमीटरची शीट मोजली तर १७, साडेसतरा अशी काहीही निघते, हे कोणत्याही प्लायवूडवाल्याला ठाऊक असते. मुलांना ठाऊक नव्हते. आराखडा नियमाने बांधलेला होता म्हणून जाडीचा एक आकडा बदलताच सत्तर-ऐंशी खाचा एकदम दुरुस्त झाल्या. हा या पद्धतीचा खरा फायदा. पण व्हर्नियर कॅलिपरने शीट चार ठिकाणी मोजून घ्यावी, हे शहाणपण संगणकाकडून आलेले नव्हते.

दुसरी गोष्ट कोपऱ्याची. फिरणारे कटर गोल असते. ६ मिलिमीटरच्या कटरने आतील कोपरा कापला तर तेथे ३ मिलिमीटरची गोलाई उरते आणि काटकोनी तुकडा आत बसत नाही. मग एकतर आराखड्यातच कोपऱ्याला थोडे जादा छिद्र द्यायचे, नाहीतर पटाशीने कोपरा साफ करायचा. जेथे सांधा नजरेसमोर राहणार आहे तेथे पटाशीला पर्याय नाही. सागवानाची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यात वाळूसारखा सिलिका असतो. साधी धार लवकर बोथट होते, म्हणून कार्बाइडचे कटर घ्यावे लागते आणि त्याचा खर्च भाव सांगताना धरावा लागतो.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र लाकडाच्या हालचालीची आहे. ओले सागवान पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. लांबीत जवळजवळ नाहीच. आता नागपूरचे हवामान पाहा. मे महिन्यात ४५ अंशांची कोरडी झळ आणि जुलैत भिंतीला ओल. आठ इंच रुंदीच्या साध्या चिरावाच्या फळीत ओलाव्याचा सहा टक्क्यांचा फरक पडला, तरी ती दोन मिलिमीटरच्या आसपास फुगते किंवा आकसते. यंत्र मात्र एक दशांश मिलिमीटरच्या बढाया मारते. प्लायवूडमध्ये आडवे-उभे थर असल्याने तेथे हे चालून जाते. खऱ्या लाकडात नाही. कोणती फळी कोणत्या दिशेने चिरली आहे, ती किती मुरली आहे, गाठ कोठे आहे, दरवाज्याच्या फळीला चौकटीत सरकायला किती जागा ठेवावी, हे ज्याला कळते त्यानेच तो आकडा आराखड्यात लिहावा. आज तो आकडा बहुधा असा माणूस लिहितो, ज्याने रंधा कधी हातात धरलेला नाही. याचा परिणाम पहिल्या पावसाळ्यात अडकलेल्या दरवाज्यांवर दिसतो, आणि घरमालक शिव्या देतो मिस्त्रीला.

जगात जेथे ही दोन ज्ञाने एकत्र आली, तेथे काय झाले हे पाहण्याजोगे आहे. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात हुक पार्क नावाचे जंगल आहे. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या शाळेचे विद्यार्थी तेथे राहून स्वतः आराखडा करतात आणि स्वतः बांधतात. २०१६ साली त्यांनी लाकडाच्या चिपा साठविण्यासाठी एक कोठार उभे केले. त्यासाठी बीच जातीच्या झाडांचे दुबेळके, म्हणजे फांदी फुटते तो भाग, निवडले. आपल्या बाजारात हा भाग जळाऊ लाकडात जातो. त्यांनी प्रत्येक दुबेळक्याचा आकार संगणकात घेतला, छताच्या कमानीत कोणता कोठे बसेल हे संगणकाने ठरविले आणि यंत्रमानवाच्या हाताने फक्त सांध्याच्या जागा कापल्या. दुबेळक्यात निसर्गाने दिलेली बळकटी जशीच्या तशी कामी आली. आपल्याकडे नांगर आणि बैलगाडीसाठी नैसर्गिक बाक असलेले लाकूड शोधणारे सुतार हेच करीत नव्हते काय?

दुसरे उदाहरण केंब्रिजच्या मशिदीचे. २०१९ साली ती नमाजासाठी खुली झाली. मार्क्स बारफील्ड या वास्तुरचनाकारांनी तिचे छत झाडांसारख्या लाकडी खांबांवर तोलले आहे. खांब वर जाऊन फांद्यांप्रमाणे एकमेकांत गुंततात आणि त्यातून अष्टकोनी जाळीसारखे छत तयार होते. भूमितीची नक्षी कीथ क्रिचलो या अभ्यासकाची. स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या चिकटवून वळविलेले हे खांब स्वित्झर्लंडमधील ब्लूमर लेहमन या कारखान्याने संगणकी यंत्रावर कापले आणि केंब्रिजला नेऊन जोडले. ब्लूमर लेहमन हा मूळचा लाकूड कापणाऱ्यांचा धंदा आहे. जे लाकूड चिरत होते तेच आराखडा समजू लागले, म्हणून हे काम त्यांच्याकडे आले. लकडगंजमधील व्यापाऱ्यांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी. आपल्याकडेही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बागेत २०१९ साली नुरू करीम या वास्तुरचनाकाराने 'बुकवर्म' नावाचा मंडप उभारला. पुस्तके ठेवायच्या फळ्यांचीच लाटेसारखी भिंत होती ती, सगळे तुकडे यंत्रावर कापलेले.

आता शिकायचे कोठे? महाराष्ट्रात या बाबतीत पहिले नाव पुणे जिल्ह्यातील पाबळचे घ्यावे लागेल. डॉ. श्री. श्री. कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांना हाताने काम करता करता शिकवावे, ही त्यांची कल्पना. २००२ साली एमआयटीच्या प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब सुरू झाली आणि ती अमेरिकेबाहेरील पहिल्या फॅब लॅबपैकी एक ठरली. लेझर कटर, राउटर यांसारखी यंत्रे जेथे सामान्य माणसाला वापरता येतात ती फॅब लॅब. इंग्रजी पक्के नसले तरी ही विद्या येते, हे पाबळने दाखवून दिले आहे. दुसरे ठिकाण बंगळूरचे. तेथील काष्ठविज्ञान संस्थेत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीत, प्रगत लाकूडकामाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे सी.एन.सी. यंत्रांवर हात बसविला जातो आणि सोबत लाकूड वाळविण्याचे शास्त्रही कळते. कारखाना असलेल्यांनी एका मुलाला तरी तेथे पाठवावे.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेबद्दल आमच्याकडे वारंवार विचारणा होते. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यात आहे. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, प्रगत १५ दिवस वा अधिक, प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांची मदत. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. नोंदणी आधारसह कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. विनातारण कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्यात २ लाखांपर्यंत आहे, व्याज ५ टक्के. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको त्यांनी ध्यानात ठेवावे, की प्रशिक्षण, विद्यावेतन आणि अवजारे मिळण्यासाठी कर्ज घेण्याची सक्ती नाही. मात्र इतक्या दिवसांत संगणकी आराखडा हाती येईल, अशी अपेक्षा धरू नये. ओळखपत्र आणि प्रमाणपत्र पदरात पडते, ते पुढे कामाला येते.

यंत्र घेण्याची घाई करणाऱ्यांना आमचा स्पष्ट विरोध आहे. राउटर काही लाखांना पडतो, त्याला जागा लागते, धूळ ओढणारे यंत्र लागते, आणि आराखडा करणारा माणूस नसेल तर तो दुसऱ्याच्या फायली कापणारा मजूर होऊन बसतो. त्यापेक्षा आधी आराखडा शिकावा, एक जुना चालता संगणक घ्यावा आणि कापणी भाड्याने करून घ्यावी. पाटीवाल्या दुकानांची यंत्रे अनेकदा रिकामी असतात. वर्षभर स्वतःच्या फायली त्यांच्याकडे कापून हिशोब जमला तर मग यंत्राचा विचार करावा. फाइल मात्र स्वतःजवळ ठेवावी. फर्मा जसा कोणाला फुकट देत नाही, तशी फाइलही देऊ नये.

कायद्याचीही एक बाब आहे. टी. एन. गोदावर्मन प्रकरणातील १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आरामिलांवर किती कडक निर्बंध आले, ते लकडगंजला सांगायला नको. तयार चिरलेले लाकूड वा प्लायवूड कापणारा राउटर आणि गोल लाकूड चिरणारा आरा, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एक नाहीत. परंतु त्याच छपराखाली आरा बसविला की परवान्याचा प्रश्न उभा राहतो. यंत्र बसविण्यापूर्वी वनखात्याकडे लेखी विचारणा करावी आणि लाकडाच्या खरेदीची पावती प्रत्येक वेळी जपून ठेवावी.

राहता राहिला भाषेचा आणि मापाचा प्रश्न. आपला मिस्त्री इंच आणि सूत यांत बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. यंत्राचे काम बहुतेक मिलिमीटरमध्ये चालते आणि त्याला सुताच्या दहाव्या हिश्शापर्यंतची खबर हवी असते. पंधरा दिवस दोन्ही मापे शेजारी लिहून काम केले की सवय होते. इंग्रजी आज्ञा मोजून पन्नासेक आहेत, त्या मोबाइल वापरणाऱ्या मुलाला जड जाणार नाहीत. सदरमधील अंजुमनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या आपल्या संस्थांनी रमजाननंतरच्या सुट्टीत चार दिवसांची अशी एक कार्यशाळा मराठी-हिंदीतून घ्यावी, निम्म्या जागा काम करणाऱ्या सुतारांसाठी ठेवाव्यात आणि एका टेबलावर एक विद्यार्थी व एक मिस्त्री बसवावा, अशी आमची सूचना आहे. व्यापाऱ्यांनी चार-सहा शीट आणि सागवानाचे तुकडे द्यावेत.

ज्यांना कोठे ना कोठे प्रवेश मिळेल त्यांनी जाताना आपल्या सध्याच्या कामातील एक खरे माप घेऊन जावे, एखादी खिडकी, जिना किंवा कपाट. शिकविणारे बहुधा लाटेसारखे बाक किंवा मंडप करायला लावतात, तो करावा. पण संध्याकाळी त्यांच्याकडून आपल्या खिडकीची जाळी नियमाने कशी बांधायची हे विचारून घ्यावे. सैल बाह्यांचा कुर्ता घालू नये. धुळीसाठी तोंडावर फडके पुरत नाही, मास्क आणि कानाला बोळे न्यावेत. कॅलिपर स्वतःचे असावे आणि पटाशीला धार लावलेली असावी.